मुलीला पणजीचे नाव द्यावे का: वेणू, वृंदा की जाई?

माहेरवाशीण:

नमस्कार. आठ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. बाळंतपणासाठी मी नाशिकला माहेरी आले आहे, बारसे बाराव्या दिवशी इथेच करायचे ठरले आहे आणि तीन महिन्यांनी आम्ही हैदराबादला परत जाऊ, कारण आम्हा दोघांच्याही नोकऱ्या तिथे आहेत. पाळणा आला आहे, घुगऱ्यांचे हरभरे आणून ठेवले आहेत, बाळाच्या आत्याने जळगावला बसून कुंची शिवली आहे; मात्र तिने बाळाच्या कानात जे नाव सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.

माझ्या नवऱ्याच्या मनात एकच नाव आहे, वेणू. हे त्याच्या आजीचे नाव. त्याचे आईवडील दोघेही शिक्षक होते आणि दोघांच्या बदल्या वेगवेगळ्या गावी होत असत, म्हणून पहिलीपासून दहावीपर्यंत तो सिन्नरला आजीजवळच वाढला. आजी गेल्या वर्षी आषाढात गेल्या. त्यांच्यानंतर घरात जन्मलेली ही पहिली मुलगी. तो हट्ट करत नाही, पण बाळाला मांडीवर घेतले की त्याच्या तोंडून तेच नाव येते, आणि ते ऐकून मला नाही म्हणवत नाही.

तरी माझ्या मनात शंका आहेत. हैदराबादला आमच्या इमारतीत एक वेणू राहतात, ते पन्नाशीचे गृहस्थ आहेत. माझ्या कार्यालयातही एक वेणुगोपाल आहेत. तिकडे हे नाव पुरुषाचे समजतात. मुलीला शाळेत पहिल्याच दिवशी मुलांच्या रांगेत उभे केले, तर ते तिने किती वर्षे सोसायचे? दुसरे असे की, जिला ती कधी पाहणार नाही, अशा माणसाच्या आठवणींचे ओझे तिच्या नावावर ठेवावे का, हेही मला ठरवता येत नाही.

सासूबाईंचा आग्रह जन्माक्षराचा आहे. बाळाचे नक्षत्र रोहिणी, चरण चौथा, त्यामुळे अक्षर आले ‘वू’. ‘वू’ने सुरू होणारे एकही नाव आम्हाला सापडले नाही. गुरुजींनी वृंदा सुचवले आहे. नाव चांगले आहे, पण ते आमच्यापैकी कोणाच्याच मनातून आलेले नाही.

आणि माझी स्वतःची आवड म्हणाल तर जाई. सातव्या महिन्यात मी इथे आले तेव्हापासून रोज संध्याकाळी आईच्या अंगणातल्या वेलाखाली बसत होते. कळ्या उमलण्याच्या वेळेला बाळ पोटात हमखास हालचाल करत असे. एवढेच कारण आहे, पण मला ते पुरेसे वाटते.

रुग्णालयातून घरी येताना तिथल्या माणसाने सांगितले की नाव लवकर कळवा, नाहीतर दाखला अडकेल. म्हणून घाईही आहे. पणजीचे नाव ठेवलेल्या घरांचा अनुभव काय आहे? जन्माक्षर किती पाळावे? आणि दुसऱ्या भाषेच्या गावात राहणाऱ्यांनी नाव निवडताना कोणाच्या कानाचा विचार करावा?

पंचांगवाचक:

ताई, अभिनंदन. अक्षराची अडचण आधी सोडवू, कारण ती दिसते तेवढी मोठी नाही.

पंचांगात अवकहडा चक्र म्हणून एक कोष्टक असते. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे ४ चरण, असे १०८ चरण होतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर दिलेले असते. रोहिणीची चार अक्षरे ओ, वा, वी, वू अशी आहेत. चंद्र एका नक्षत्रातून जायला साधारण एक दिवस घेतो, म्हणजे एका चरणात तो सुमारे सहा तास असतो. त्या सहा तासांत जन्मलेल्या सगळ्या बाळांना हेच अक्षर मिळते. कोष्टक करणाऱ्यांनी ठरावीक क्रमाने स्वर आणि व्यंजने बसवली आहेत. त्या अक्षराने नावे मिळतील की नाही, हे त्यांनी पाहिलेले नाही. आर्द्रेला ‘ङ’, उत्तराभाद्रपदेला ‘ञ’, हस्ताला ‘ण’ अशी अक्षरे आहेत. त्यांवरून कोणी नाव ठेवू शकत नाही, आणि म्हणून जवळचे अक्षर घेण्याची पद्धत पहिल्यापासून आहे. गुरुजींनी ‘वू’ऐवजी ‘वृ’ घेतले, ते याच पद्धतीला धरून.

आता तुमच्या यजमानांच्या पसंतीकडे पाहा. रोहिणीनंतरचे नक्षत्र मृग आणि त्याच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे ‘वे’. कृत्तिकेचे शेवटचे तीन चरण, संपूर्ण रोहिणी आणि मृगाचे पहिले दोन चरण मिळून वृषभ रास होते, म्हणजे वृषभेची अक्षरे ई, उ, ए, ओ, वा, वी, वू, वे, वो अशी आहेत. अनेक घरांत चरणाच्या अक्षराचा आग्रह न धरता राशीचे कोणतेही अक्षर चालवतात. त्या हिशेबाने वेणू हे नाव तुमच्या मुलीच्या राशीत अगदी व्यवस्थित बसते. सासूबाईंना हे पंचांग उघडून दाखवा. ज्या व्यक्तीची या गोष्टींवर श्रद्धा आहे, तिला वादाने दुखावण्यापेक्षा तिच्याच पोथीतला मार्ग दाखवणे बरे.

याहून महत्त्वाचे म्हणजे नामकरणाच्या विधीत एकच नाव ठेवत नाहीत. देवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारासाठी एक, अशी चार नावे सांगितली आहेत. नक्षत्रावरचे नाव, ज्याला आपण नावरस नाव म्हणतो, ते पत्रिकेत लिहून ठेवावे आणि हाक मारायला वेगळे नाव असावे, हीच जुनी रीत आहे. जन्माक्षरावरूनच शाळेत घालायचे नाव ठेवले पाहिजे, असा आग्रह मी माझ्या आजोबांच्या तोंडून कधी ऐकला नाही आणि ते आमच्या पंचक्रोशीतल्या पत्रिका मांडत असत.

पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे आणि मुलीचे विषम अक्षरांचे, आकारान्त असावे, असा नियम आहे. त्या नियमात गंगा, सीता, राधा यांपैकी एकही नाव बसत नाही, आणि तरीही ती नावे शतकानुशतके घराघरांत आहेत. यावरून नियम आणि रूढी यांचे नाते काय असते, ते ध्यानात येईल. पत्रिकेत वृंदा लिहा आणि व्यवहारात तुम्हा दोघांच्या मनातले नाव ठेवा, असे मी सुचवीन.

भाग्यनगरकर:

मी हैदराबादला जन्मलो आणि इथेच वाढलो. आमचे घराणे मूळचे परभणीकडचे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आमच्यासारखी घरे इथे बरीच आहेत आणि नावांचा हा प्रश्न आमच्या तीन पिढ्यांनी पाहिलेला आहे.

तुमची शंका रास्त आहे. तेलुगूत वेणु हे पुरुषाचेच नाव आहे. वेणुगोपाल, वेणुमाधव या नावांचा तो रोजच्या हाकेतला अर्धा भाग. मुलीचे नाव वेणू आहे असे सांगितल्यावर समोरचा माणूस पुन्हा एकदा विचारणार, हे धरून चाला. माझ्या मोठ्या बहिणीचे नाव असेच होते, जे इकडे मुलांना ठेवतात. शाळेच्या पटावर तिच्यापुढे मुलगा अशी नोंद झाली होती आणि दहावीच्या अर्जापर्यंत कोणाच्या ते लक्षात आले नाही. वडिलांना त्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या. बहीण मात्र त्या नावावर प्रेम करत राहिली. ती म्हणते की लोक एकदा चुकतात आणि मग जन्मभर विसरत नाहीत. म्हणून त्रास होईल एवढेच मी सांगतो, त्या त्रासामुळे नाव टाकून द्या असे सांगत नाही.

आडनावाचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. इकडे घराण्याचे नाव, ज्याला तेलुगूत इंटिपेरु म्हणतात, ते आधी येते आणि बहुतेक वेळा त्याचे एकच आद्याक्षर लिहितात. आपण नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव अशा क्रमाने लिहितो. शाळेचा अर्ज भरताना रकान्यांवरची अक्षरे नीट वाचल्याशिवाय लिहू नका, नाहीतर तुमच्या यजमानांचे नाव मुलीचे आडनाव होऊन बसेल. हे मी आमच्या शेजारच्या दोन मराठी घरांत पाहिले आहे.

वृंदा इकडे सहज चालेल. मराठीप्रमाणे तेलुगूतही ‘ऋ’चा उच्चार ‘रु’कडे झुकतो, त्यामुळे हिंदी मुलखात जसे त्याचे ‘व्रिंदा’ होते, तसे इथे होणार नाही. फक्त शेवटचा आकार ऱ्हस्व होईल. आणि जाईबद्दल सांगायचे तर तेलुगूत त्या फुलाला जाजि म्हणतात, सन्नजाजि हा शब्द तुम्ही फुलवाल्यांच्या तोंडी ऐकलाच असेल. मूळ शब्द एकच, जाती. नावाचा अर्थ सांगितलात तर मोंडा मार्केटमधल्या फुलवालीलाही तो आपला वाटेल.

कोथरूडची मावशी:

माझे मत जाईला. नऊ महिने जिने बाळाला वाढवले, तिच्या मनात आपोआप उगवलेले नाव आहे ते. पणजीविषयीचा आदर दाखवायला दुसरे शंभर मार्ग आहेत.

नोंदणी खिडकी:

मी एका महानगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणी विभागात ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो. घाईविषयीचा तुमचा गैरसमज आधी दूर करतो, कारण याच गैरसमजातून लोक नको ते नाव लिहून देतात आणि मग वर्षानुवर्षे पस्तावतात.

१९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांची मुदत आहे ती जन्माची माहिती देण्यासाठी. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती माहिती रुग्णालयच पाठवते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल तर नावाची जागा कोरी ठेवून नोंद करता येते. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव कळवले तर त्यासाठी विलंब शुल्क नाही, आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. म्हणजे बारशाच्या दिवशी काही ठरले नाही तरी दाखला अडत नाही. याउलट एकदा नाव लिहून दिले की ते बदलणे फार कठीण. लेखनातली चूक पुराव्यानिशी दुरुस्त होते, पण आधी वृंदा लिहिले आणि मग वेणू हवे असे म्हटले, तर ती दुरुस्ती नव्हे.

कोऱ्या जागेची मुभा असली तरी फार वर्षे लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर भागत असे, त्यामुळे जन्मनोंदीतल्या अक्षरांकडे कोणी बघत नव्हते. आता तिथे जे लिहिले जाईल, तेच मुलीबरोबर जन्मभर जाईल.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरवला आहे. मला हा निर्णय मनापासून आवडला. नाव निवडताना चारही शब्द एका दमात मोठ्याने म्हणून पाहा. जे नाव एकटे गोड वाटते, ते कधीकधी आईच्या नावाशेजारी अडखळते.

आता रोमन लिपीबद्दल. माझ्या खिडकीवर सर्वांत जास्त भांडणे याच कारणावरून होत. ज्ञानेश्वरी हे नाव मराठी माणूस डी-एन-वाय असे लिहितो आणि हिंदी भाषक जी-वाय असे लिहितो. एकाच मुलीच्या दोन कागदांवर दोन्ही आले की ती दोन माणसे ठरतात. ताई, तुमच्या जाईला हीच मोठी अडचण आहे. जे-ए-आय एवढेच लिहिले तर महाराष्ट्राबाहेर, किंबहुना महाराष्ट्रातही, ते जय असे वाचले जाईल. म्हणजे वेणूबद्दल तुम्हाला जी भीती वाटते, ती इथेही आहेच. मध्ये आणखी एक ए घातला तर वाचन सुधारते. काहीही ठरले तरी एका कागदावर देवनागरीत आणि रोमन लिपीत, मोठ्या सुट्या अक्षरांत नाव लिहा, दोघांनीही तपासा आणि तो कागदच खिडकीवर द्या. तोंडी सांगू नका. बाहेर रांग असते, आत गोंगाट असतो, आणि लिहिणारा ऐकेल ते लिहितो.

अर्थाविषयी एक सांगावेसे वाटते. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये दोनशेहून अधिक मुलींची नावे एका समारंभात बदलली गेली, कारण त्यांची नावे नकोशी, नकुशा अशी होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून ठेवलेली. तशी नावे मी माझ्या हाताने नोंदवहीत लिहिलेली आहेत आणि लिहिताना हात जड झाल्याचे आठवते. तुमच्या घरात एका मुलीसाठी तीन जण तीन नावे मनात घेऊन बसले आहेत. यातले कोणतेही नाव तिला ओझे होईल, असे मला वाटत नाही.

सांगलीची आजी:

मुली, मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. नातवाने मला मोबाइलवर मराठी लिहायला शिकवले, त्यामुळे सावकाश लिहिते. सगळ्यांनी चांगले सांगितले आहे, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली अशी की, पूर्वी पणजीचे, आजीचे, आजोबांचे नाव ठेवायची पद्धत होतीच, पण त्या नावाने हाक मारत नसत. सासूसासऱ्यांचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही, असा रिवाज होता. मग आजोबांचे नाव ठेवलेल्या मुलाला त्याची आई हाक कशी मारणार? म्हणून घरोघरी बाळ, आप्पा, नाना, तात्या आणि मुलींमध्ये ताई, माई, बेबी निघाल्या. लोकमान्य टिळकांचे खरे नाव केशव, पण घरातले बाळ हेच नाव पुढे जगभर गेले. तेव्हा वेणू हे नाव ठरवण्याआधी तुझ्या सासूबाईंना विचार. त्यांच्या सासूचे नाव आहे ते. नात दूध पीत नाही, पायरीवरून पळते, म्हणून तिला दटावताना ते नाव त्यांच्या तोंडून निघेल का? जन्माक्षराचा आग्रह धरण्यामागे कदाचित हेच असेल आणि त्यांना तसे बोलता येत नसेल. मी सून होते, म्हणून मला हे सुचते.

दुसरी गोष्ट. वेणू हे तुझ्या आजेसासूचे माहेरचे नाव की सासरचे? आमच्या काळापर्यंत लग्नात मुलीचे नाव बदलत असत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. दोघी मोठ्या झाल्या त्या सासरच्या नावाने, आणि यमुना कुठे गेली ते कोणी विचारले नाही.

माझे पाळण्यातले नाव सिंधू. १९६८ साली लग्न झाले आणि तांदळांत दुसरेच नाव लिहिले गेले. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. ताटातले तांदूळ सारखे करून पुन्हा डब्यात भरले, एवढेच मला त्या दिवसातले लख्ख आठवते. नवे नाव काही वाईट नव्हते, माणसेही चांगली होती, संसार सुखाचा झाला. पण कोणी सिंधू म्हटले की मी आतून वळून बघत असे. आईवडील गेल्यावर त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस उरला, माझा धाकटा भाऊ. तो पाच वर्षांपूर्वी गेला. आता ते नाव फक्त माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि तो दाखला मी लुगड्यांच्या घडीत जपून ठेवला आहे.

म्हणून म्हणते, आजेसासूंचे स्वतःचे नाव काय होते ते घरात विचारून घे. सांगणारे कोणी असेल तोवरच ते कळेल.

माहेरवाशीण:

आजी, तुमचे उत्तर वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. मग संध्याकाळी सासूबाईंना फोन केला आणि सगळे सरळ विचारले. त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्यांचं नाव माझ्या तोंडातून चाळीस वर्षांत निघालं नाही गं. आता नातीला त्या नावानं कशी रागावू?” तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरे ठरले. गुरुजींना त्यांनीच सांगितले होते की ‘वू’वरून काहीतरी शोधा.

मी माहेरच्या नावाचे विचारले तेव्हा त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आणि सासरे सिन्नरहून बसने आले, ते एक पितळी पातेले पिशवीत घेऊन. ते माळ्यावर तांदळाच्या कोठीमागे होते. लग्नात आजींना माहेरून मिळालेले. काळवंडले होते. सासूबाईंनी चिंचेने घासले, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसू लागली, “चि. सौ. कां. गोदावरी हिस”. पुढे तिच्या वडिलांचे नाव, आणि तिथी अर्धी पुसलेली.

माझ्या नवऱ्याने त्या अक्षरांवरून बोट फिरवले. तो आधी काही बोलला नाही. मग म्हणाला की निफाडहून आजीचे भाऊ आले की ते दारातूनच “गोदे” अशी हाक मारत आणि आजी हातातले काम टाकून बाहेर येत असे. हे काहीतरी भावाबहिणीतले लाडाचे असावे, असे त्याला लहानपणी वाटत असे. दहा वर्षे तो तिच्याजवळ राहिला आणि तिचे नाव त्याला ठाऊक नव्हते, याचे त्याला फार वाईट वाटले.

आता आमच्यापुढे चौथे नाव आले आहे. भाग्यनगरकर दादा, गोदावरी हे नाव हैदराबादला कसे वाटेल? आणि हाक मारायला गोदा चालेल का?

भाग्यनगरकर:

ताई, यापेक्षा चांगले नाव मी सुचवू शकलो नसतो. ही नदी तुमच्या त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या काठावर मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलल्या जातात आणि दोन्हीकडे तिचे नाव मुलींना ठेवतात. इकडे लोक गोदावरि असा शेवट ऱ्हस्व करतील, एवढेच. गोदा म्हणाल तर आंडाळ या तमिळ वैष्णव संत कवयित्रीला तेलुगूत गोदादेवी म्हणतात आणि धनुर्मासात तिची पदे इथल्या देवळांत रोज पहाटे गायली जातात, त्यामुळे हे नाव मुलाचे की मुलीचे, असे तुम्हाला कोणी विचारणार नाही.

मुलगी तीन-चार वर्षांची झाली की तिला तेलंगणातल्या बासरला घेऊन जा. तिथे गोदावरीच्या काठावर सरस्वतीचे मंदिर आहे आणि मुलांना पहिले अक्षर गिरवायला लांबून तिथे आणतात. आमच्याकडची सगळी मुले तिथेच पहिले अक्षर शिकली.

पंचांगवाचक:

‘गो’ हे शततारकेचे अक्षर आहे, रोहिणीचे नव्हे. पत्रिकेत वृंदा लिहिलेत की सासूबाईंच्या मनाचेही समाधान होईल. माझी पूर्ण संमती समजा.

माहेरवाशीण:

सर्वांचे मनापासून आभार. बारसे परवा आहे. नणंदेला फोनवर सांगितले, तर तिने लगेच दोनदा म्हणून पाहिले आणि पाळण्याच्या गाण्यात ते नीट बसते असे कळवले. पत्रिकेत वृंदा असेल. दाखल्यासाठीचा कागद आम्ही सुट्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. माझे नाव, तिच्या बाबांचे नाव आणि आडनाव जोडून चार वेळा मोठ्याने वाचले, कुठेही अडखळले नाही.

जाईचे मला थोडे वाईट वाटत होते. आईने त्या वेलाची एक फांदी कुंडीत लावून दिली आहे, ती आमच्याबरोबर हैदराबादला येईल. माझा नवरा तिला अजून मधूनच वेणू म्हणतो, आणि ते मी त्याच्यापुरते राहू दिले आहे. सासूबाईंनी मात्र काल दुपारी, ती रडायला लागल्यावर, अगदी सहज “गोदे, अगं थांब की” असे म्हटले.

पातेले भांडी बाजारात कल्हईला दिले आहे, उद्या संध्याकाळी मिळेल. घुगऱ्या त्यातच शिजवणार आहोत.